आधी वाट, मग शस्त्र

बंगळूरच्या जुन्या किल्ल्यानजीक वाणी विलास रुग्णालय आहे. स्त्रिया व बालके यांच्यासाठी ते १९३५ साली सुरू झाले. त्या काळी ओटीपोटातील दुखण्याचे मूळ पाहावयाचे तर पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसे. आज बंगळूरसारख्या शहरांत तीच शस्त्रक्रिया तीन-चार लहान छेदांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने होऊ शकते. मग एवढ्याशा वाटेने वैद्यांना आतले सारे दिसते तरी कसे?

एंडोमेट्रिओसिस या व्याधीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर वाढतो, भोवतालचा भाग सुजतो आणि कालांतराने अंडाशय, आतडे व गर्भाशय एकमेकांस चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा विकार असतो. चिकटलेल्या अंडाशयाखालूनच मूत्रवाहिनी जाते. ती न दिसता शस्त्र चालले, तर तिला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून कुशल शल्यविशारद रोगाला हात घालण्यापूर्वी वाट मोकळी करतो.

प्रथम पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून उदराची भिंत वर उचलली जाते. त्याचा दाब पाऱ्याच्या साधारण १२ ते १५ मिलिमीटर इतकाच ठेवतात. मग रुग्णेचे डोके खाली व पाय वर येतील असे मेज कलते करतात, म्हणजे आतडी आपोआप छातीच्या दिशेने सरकतात. या स्थितीत श्वासावर ताण येतो, म्हणून भूलतज्ज्ञ सतत लक्ष ठेवून असतात. डाव्या बाजूस चिकटलेले मोठे आतडे सोडवून बाजूला घेतात. योनिमार्गातून घातलेल्या उपकरणाने गर्भाशय पुढे उचलतात. अंडाशय सोडवल्यावर पोटाच्या भिंतीतून सरळ सुई आत नेऊन ते टाक्याने टांगून ठेवतात. त्यामुळे साहाय्यकाचा हात मोकळा राहतो. मूत्रवाहिनीचा शोध निरोगी भागापासून घेऊन हलके हलके रोगट भागाकडे येतात. काम संपल्यावर हा टाका सहसा काढून टाकतात.

यात वेळ जातो. परंतु हा वेळ वाया गेलेला नसतो. अंडाशयाचा निरोगी भाग शाबूत राहणे, आणि त्याबरोबर मातृत्वाची आशाही, पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

प्रत्येक रुग्णेस शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. कित्येकींना औषधोपचाराने आराम पडतो. शस्त्रक्रिया ठरलीच, तर सोनोग्राफी वा एमआरआय तपासणीत काय आढळले, आतड्यास वा मूत्रवाहिनीस धोका कितपत आहे, हे निःसंकोच विचारावे.

परंतु वैद्याने वाट मोकळी करण्यापूर्वी घराने ती करावयास हवी. पाळीच्या दिवसांत मुलगी वेदनेने अंथरुणास खिळत असेल, शाळा चुकवीत असेल, तर “बाईच्या जातीला हे सोसावेच लागते” असे म्हणून तिला गप्प करू नये. जे दुखणे घरात ऐकले जात नाही, ते वैद्यापर्यंत फार उशिरा पोहोचते.