पहिली रायफल : घडवावी की घ्यावी?

'रायफल' हा शब्द उच्चारला की आमच्या सास्तूरकडे लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक बँकेच्या दारातला पहारेकरी आणि दुसरा यात्रेतला फुगे फोडायचा ठेला. अशा गावातल्या मुलीने घरी जाऊन "मला रायफल हवी" असे म्हटल्यावर घरच्यांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आमच्या आबांनी आधी किंमत विचारली, मग बराच वेळ काही विचारले नाही. शेवटी म्हणाले, "बाय, दोन एकराची सोयाबीन गेली तरी ही बंदूक येत न्हाई की गं."

एन.सी.सी.च्या शिबिरात पॉइंट टू-टूची रायफल हाती आली आणि नेमबाजीचे वेड लागले. गेली दोन वर्षे मी परजिल्ह्यातील एका क्लबात जाऊन दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. रायफल क्लबची, पाळी तासाभराची. आता स्वतःची असावी असे वाटू लागले आहे, आणि गावातले हितचिंतक दोन्ही बाजूंनी सल्ले देत आहेत. कोणी म्हणतो, "विकत कशाला? चांगला कारागीर गाठ, करून देईल." त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि हाताळले, ते येथे मांडते.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या देशात 'स्पोर्टिंग रायफल' या नावाने जी वस्तू वर्षानुवर्षे ओळखली जाते, ती पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची बोल्ट रायफल. लष्करी .३०३ बोअर सामान्य नागरिकास मिळत नाही, म्हणून हा वेगळा बोअर. तिच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे असतात. 'के' म्हणजे किर्की, आपली पुण्याची खडकी! दारूगोळ्याचा हा कारखाना १८६९ सालचा. नावातला 'स्पोर्ट' मात्र शिकारीचा, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो खेळ संपला. काळवीट आता माळावर पाहावे, एवढेच. तेव्हा क्रीडा म्हणून जी रायफल उरते ती कागदावर, किंवा आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर, नेम धरायची.

अमेरिकेत हौशी लोक रायफल 'बांधतात'. बांधतात म्हणजे लोखंड वितळवीत नाहीत. एका कारखान्याची नळी, दुसऱ्याचा बोल्ट, तिसऱ्याचा चाप आणि चौथ्याचा दस्ता आणून जुळवतात. तिकडे हा रविवारचा उद्योग आहे. आपल्याकडे हाच उद्योग तुरुंगात नेतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम सांगते की परवान्याविना बंदूक बनवणे, बदलणे, फार काय दुरुस्त करणे हाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप, एवढी शिक्षा आहे. "कारागीर गाठ" म्हणणाऱ्या हितचिंतकांनी हे कलम एकदा वाचावे.

हवेच्या रायफलीचा कायदा सौम्य आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेतला छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास सुटतो. अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे शाळेतले सूत्र घातले, तर उत्तर सव्वासात ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. पण हौसेने कोणी तिची ताकद वाढवून ही रेघ ओलांडली, की ती खेळणे राहत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले, ते पन्नास मीटरच्या पॉइंट टू-टू रायफलीवर. तिला परवाना लागतो. म्हणून आमच्यासारख्यांनी दहा मीटरनेच सुरुवात करणे शहाणपणाचे.

समजा कायद्याची आडकाठी नसती, तरी घरी बनवलेली रायफल चालली असती का? येथे थोडे गणित. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. टाचणीचे डोके त्याहून मोठे! छर्ऱ्याची कड त्याला नुसती चाटली तरी दहा गुण मिळतात. तरीही छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडावा लागतो. दहा मीटरवर अडीच मिलिमीटर म्हणजे एका मीटरला पाव मिलिमीटर. म्हणजे पुढची माशी पाव मिलिमीटर सरकली की दहा गुण गेले. नळीच्या आतले पिळाचे खाचे, चापाचा ताण, हवेचा प्रत्येक वेळचा सारखाच दाब, हे सारे याहून बारीक हिशेबात बसावे लागते. आमच्याकडचा लोहार नांगराचा फाळ असा शेवटतो की पाहत राहावे, पण हे काम त्याच्या ऐरणीचे नाही. जर्मनीतील उल्म आणि ओबर्नडॉर्फ या गावांत वाल्थर, आन्शुट्झ, फाइनवेर्कबाउ यांच्या पिढ्या त्यात गेल्या आहेत.

जत्रेतली छर्ऱ्याची बंदूक घेऊन सराव करावा, असाही एक सल्ला मिळाला. ती स्प्रिंगची असते. चाप ओढला की आत दट्ट्या धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच बंदूक हिसका देते. फुगा मोठा असतो, त्याला चालते.

तर मग विकत. परदेशी स्पर्धेची रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. भारतीय बनावटीच्या आता मिळू लागल्या आहेत, त्या पुष्कळ स्वस्त पडतात. तिसरा मार्ग जुनी घेण्याचा. जुनी घेताना लोक नळीत डोकावतात, ते ठीकच. पण आधी पाहावे ते खालच्या हवेच्या नळकांड्यावरचे साल. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा असते, आणि बनवणारे कारखाने त्याची मुदत सहसा दहा वर्षे देतात. मुदत संपलेले नळकांडे लावून स्पर्धेला गेल्यास जबाबदारी नेमबाजाची. एका गृहस्थांनी मला "अगदी नव्यासारखी" म्हणून दाखवलेली रायफल फारच देखणी होती. नळकांड्याची मुदत मात्र मी बारावीला असतानाच संपली होती. नवे नळकांडे, हवा भरायचा हातपंप आणि छर्रे हे किमतीत धरले नाहीत तर हिशेब खोटा ठरतो. छर्ऱ्यांचा डबा पाचशेचा. स्पर्धेत साठ नेम असतात. रोज शंभर मारले तर डबा पाच दिवसांत रिकामा. रायफल एकदाच घ्यावी लागते, छर्रे जन्मभर! आबांना खरी धडकी या आकड्याने भरली.

तरीही घडवण्यासारखे काही उरतेच. रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, आणि ती तासभराहून अधिक वेळ उभ्याने पेलायची असते. गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकला पाहिजे, नाहीतर डोळा माशीच्या रेषेत येत नाही. क्लबची रायफल उंच मुलांच्या मापाची असल्याने माझी मान दर वेळी ताणली जाते. मला नेमके हेच बदलायचे आहे, आणि नियमांच्या मापात राहून हे लाकूडकाम करण्यास कोणाची ना नाही.

आमच्या अंगणात एक सागाची तुळई पडून आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जुने माळवद कोसळले, तेव्हा ढिगाऱ्यातून निघालेली. घरात तिचा विषय कोणी काढत नाही, आणि ती जाळतही नाही. गावातल्या सुतारमामांनी परवा तिला रंधा मारून पाहिला. दस्त्याला अक्रोडाचे लाकूड चांगले, सागाने हत्याराची धार जाते, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "धार मी लावून घेईन. तुझ्या गालाचं माप दे."

आबांशी ठरले ते असे. ही सुगी क्लबच्या रायफलीवरच काढायची. साठ नेमांत माझी सरासरी क्लबच्या गुरुजींनी सांगितलेल्या आकड्याला लागली, तर तुरीच्या पैशातून जुनी रायफल, मुदत असलेल्या नळकांड्यासह. नाही लागली तर पैसे विहिरीच्या मोटारीला. गालाची फळी मात्र आधीच तयार होते आहे. दोन स्क्रूंवर ती क्लबच्या रायफलीलाही बसेल, असे मामा म्हणतात.