लेखणीचा जमाखर्च

१८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात ‘निबंधमाला’ काढली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्या वयाला पुरती चोवीस वर्षेही झाली नव्हती. संपादक तेच, बहुतांश लेखक तेच, वाद उकरून काढणारे तेच आणि आलेल्या टीकेचा समाचार घेणारेही तेच; अशा एकहाती कारभारावर त्या मासिकाचे चौऱ्याऐंशी अंक निघाले. या अंकांच्या भाषेविषयी आपल्याकडे उदंड लिहिले गेले आहे, त्यांच्या जमाखर्चाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. ज्या गृहस्थाला आज आपले लेखन आपणच प्रसिद्ध करून त्यावर चार पैसे मिळवावयाचे आहेत, त्याने शास्त्रीबोवांच्या शैलीइतकेच त्यांच्या व्यवहाराकडेही लक्ष द्यावे असे मला वाटते. कारण नुसत्या निबंधांवर संसार चालेल अशा भ्रमात ते राहिले नाहीत, तर ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकान आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची चित्रे छापून विकणारी ‘चित्रशाळा’ हे उद्योग त्यांनी सहकाऱ्यांच्या साह्याने उभे केले, आणि त्यानंतरच, १८७९ साली, सरकारी चाकरीचा राजीनामा दिला.

आज छापखान्याची गरज राहिलेली नाही. संगणकावर, किंबहुना हातातल्या फोनवर, मजकूर लिहावा आणि घटकाभरात तो तासगावापासून टोरांटोपर्यंत कोणीही वाचावा, इतकी सोय झाली आहे. पण प्रसिद्धीचा खर्च शून्यावर आला म्हणजे उत्पन्न आपोआप वाढते असे नाही. पैसा पूर्वीप्रमाणेच तीन खिशांतून येतो: जाहिरातदाराच्या, वर्गणीदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या.

तासगावचे नाव मी सहज घेतले नाही. त्या बाजूला माझे एक वृद्ध स्नेही राहतात, ज्यांची उभी हयात द्राक्षबागांत गेली आणि सेवानिवृत्तीनंतर ज्यांनी एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, डावणी व भुरी हे रोग, काडीची परिपक्वता अशा विषयांवर आपल्या संकेतस्थळावर नियमाने लिहावयास आरंभ केला. पहिल्या वर्षी त्यांनी गूगलच्या अॅडसेन्स या योजनेत नाव नोंदवले. ही योजना २००३ पासून चालू आहे आणि तिची रीत थोडक्यात अशी की, वाचकाने पान उघडताक्षणी त्या पानावरील मोकळ्या जागेचा लिलाव होतो, ज्या जाहिरातदाराची बोली चढती त्याची जाहिरात तेथे लागते, आणि जाहिरातदाराने दिलेल्या रकमेपैकी ढोबळमानाने अडुसष्ट टक्के हिस्सा लेखकाच्या खात्यावर जमा होतो. पूर्वी वाचकाने जाहिरातीवर बोट ठेवले तरच बहुधा पैसे मिळत. २०२४ च्या आरंभापासून जाहिरात नुसती दिसण्यावर हिशेब होऊ लागला आहे.

खात्यावर दहा डॉलर जमले की घराचा पत्ता खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी सहा आकडी संकेतांक साध्या टपालाने पाठवला जातो. आमच्या स्नेह्यांचे ते पातळ पाकीट पोस्टमनने शेजारच्या वाड्यात टाकले, तेथे ते गौरीच्या मुखवट्यांच्या डब्याखाली दीड महिना पडून राहिले, आणि सापडले तेव्हा त्यांना झालेला आनंद नोकरीतल्या पहिल्या पगाराहून कमी नव्हता. तथापि रक्कम हाती येण्यास किमान शंभर डॉलर जमावे लागतात, आणि तो आकडा गाठण्यास त्यांना तेरा महिने लागले. पुढे बँकेतल्या कारकुनाने ‘परदेशातून हे पैसे कशापोटी आले?’ अशी पृच्छा करून एक फॉर्म पुढे सरकवला, वटणावळीचा आकार कापला, आणि उरलेली रक्कम पासबुकात उतरली. त्या रकमेत बागेवरची एक फवारणीसुद्धा निघाली नसती, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितले.

यात कोणाची लबाडी नाही. बोली लावणारेच थोडे असले म्हणजे लिलावात भाव चढत नाही, आणि मराठी मजकुराच्या बाजूला आपली जाहिरात लागावी म्हणून चढाओढ करणारे व्यापारी अद्याप थोडेच आहेत. या योजनेत हिंदीचा प्रवेशदेखील २०१४ च्या डिसेंबरात झाला आणि मराठीची पाळी त्याहूनही पुढे आली. घरच्या मंडळींनी आपुलकीपोटी आपल्याच पानावरच्या जाहिराती वारंवार उघडू नयेत, हेही येथे बजावून ठेवतो. असे कृत्रिम टिचकीकाम उघडकीस आले म्हणजे खाते बंद होऊ शकते, आणि काकांच्या भल्यासाठी झटलेला पुतण्याच त्यांच्या मिळकतीवर धोंडा पाडतो.

जाहिरातदाराच्याच खिशाकडे जाणारा दुसरा मार्ग अडतीचा. तासगावच्या बेदाण्याच्या बाजारात अडत्या स्वतः माल पिकवीत नाही की खातही नाही. तो गिऱ्हाईक आणि धनी यांची गाठ घालून देतो व आपली अडत घेतो. अॅमेझॉनने १९९६ पासून चालवलेली सहयोगी योजना याच जातीची आहे: लेखकाने एखाद्या पुस्तकाचा किंवा छाटणीच्या कात्रीचा दुवा द्यावा, वाचकाने त्या दुव्यावरून जाऊन खरेदी केली तर किमतीचा ठरावीक टक्का लेखकाला मिळावा. मुदत मात्र सामान्यतः चोवीस तासांची. वाचकाने दोन दिवस विचार करून तिसऱ्या दिवशी आपण होऊन कात्री घेतली तर लेखकाच्या पदरी काही पडत नाही. आपला मराठी वाचक खरेदीपूर्वी विचार करणारा आहे, ही सामाजिक दृष्ट्या स्पृहणीय गोष्ट येथे आड येते.

या मार्गाला लागूनच एक निसरडी वाट आहे, ती म्हणजे एखाद्या कारखानदाराकडून पैसे किंवा वस्तू घेऊन त्याच्या मालाची स्तुती करण्याची. ती सर्वस्वी त्याज्य आहे असे मी म्हणत नाही, पण ती उघड असावी. जाहिरातींच्या स्वनियमनासाठी स्थापन झालेल्या मुंबईच्या परिषदेने २०२१ साली असा नियम केला की मोबदला घेतलेल्या मजकुरावर तो जाहिरात असल्याचे वाचकाला सहज दिसेल असे लिहावे. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तर दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल पहिल्या खेपेस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट आलेली वस्तूही पूर्णपणे फुकट नसते, कारण वर्षाकाठी वीस हजार रुपयांवर गेलेल्या अशा लाभावर उगमापाशी करकपात करण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून अमलात आलेली आहे. आमच्या स्नेह्यांकडे एका औषधवाल्याने डावणीवरच्या औषधाचे दोन डबे आणि लेखाचा तयार मसुदा, असे दोन्ही एकदमच पाठवले होते. डबे त्यांनी परत केले. मसुद्यातील शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून तोही परत केला. त्यांच्या स्वभावातला हा खवचटपणा मला फार आवडतो.

आता वर्गणीदार. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून जाहिरातींनी जाडजूड झालेला अंक घराघरांत येऊ लागला, आणि वाचकाच्या पैशावर नियतकालिक चालावे ही जुनी कल्पना हळूहळू मागे पडली. मनीऑर्डरीने वर्गणी धाडणारा वाचक ही एक संस्थाच होती. तो पत्र लिहून अंक उशिरा आल्याबद्दल खडसावत असे आणि पुढच्या वर्षीची वर्गणीही न चुकता पाठवीत असे. २०१६ पासून यूपीआयने ही वाट पुन्हा मोकळी केली आहे. लेखाखाली छापलेला चौकोनी ठिपक्यांचा संकेत फोनपुढे धरला की रुपये थेट लेखकाच्या खात्यात उतरतात, मध्ये कोणाची अडत जात नाही. वर्गणी वार्षिक घ्यावी, मासिक घेऊ नये, हे माझे आग्रहाचे सांगणे. दरमहा तगादा लावल्याने लेखक आणि वाचक यांच्यातील नाते भाडेकरू आणि घरमालक यांच्यासारखे होते. आणि वर्गणीदारांची नावे व पत्ते स्वतःच्या वहीत असावेत, कारण समाजमाध्यमांवरचे हजारो अनुयायी हे त्या माध्यमाच्या मालकाचे असतात, आपले नव्हेत.

गिऱ्हाइकाचा खिसा मात्र सर्वांत खोल आहे. तिसऱ्या वर्षी आमच्या स्नेह्यांनी आपल्या लेखांतून निवडक भाग घेऊन छाटणीपासून काढणीपर्यंत कोणत्या आठवड्यात काय करावे याची एक चौसष्ट पानी पुस्तिका तयार केली आणि दीडशे रुपये किंमत ठेवली. लेख पूर्वीप्रमाणे सर्वांना मोफत खुलेच होते; तरीही जे फुकट वाचता येत होते तेच शेतकऱ्यांनी पैसे देऊन घेतले, कारण बागेत उभे राहून, हाताला औषध लागलेले असताना, फोन चाळत बसण्यापेक्षा खिशातली पुस्तिका सोयीची. पहिल्या महिन्यातच तिने जाहिरातींचे तेरा महिन्यांचे उत्पन्न मागे टाकले. त्यापाठोपाठ ‘एकदा बाग पाहून जा’ अशी बोलावणी आली, आणि पहिल्या दोन फेऱ्या संकोचाने फुकट केल्यावर त्यांनी फी ठरवली. फी ठरल्यावर बोलावणी कमी झाली नाहीत. सल्ला ऐकला जाण्याचे प्रमाण मात्र वाढले.

म्हणून नव्याने लिहू पाहणाऱ्याला माझे सांगणे असे की जाहिरातींचा विचार सर्वांत शेवटी करावा. ज्या विषयात आपला हात बसलेला आहे त्या विषयावर वर्ष-दीड वर्ष नेमाने लिहावे, आलेल्या प्रत्येक प्रश्नाचे टिपण ठेवावे (पुस्तिकेची अनुक्रमणिका त्या प्रश्नांतूनच निघते), आणि पहिल्या रुपयापासून जमाखर्च लिहावा, कारण ही मिळकत प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची चिंता वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे तोवर बहुतेकांनी करण्याचे कारण नाही, आणि ती चिंता ज्यांना करावी लागेल त्यांचा मी मनापासून हेवा करीन.

आमच्या स्नेह्यांच्या पुस्तिकेची तिसरी आवृत्ती यंदाच्या खरड छाटणीपूर्वी छापून तयार झाली. मलपृष्ठासाठी एका खतवाल्याने चांगली रक्कम देऊ केली होती. तेथे त्यांनी फवारणीच्या नोंदींसाठी रेघा आखून घेतल्या आहेत.