चॉकलेटची चव आणि कोकोच्या फळावरचं जंगली यीस्ट



सूक्ष्मजीवांचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने काढतो, उपयुक्त आणि हानिकारक. उपयुक्तच्या रकान्यात यीस्ट म्हणजेच किण्व लिहितो आणि पावाचं उदाहरण देतो. मग वर्गात कोणीतरी विचारतंच, "पण यीस्ट येतं कुठून?" दुकानातल्या पाकिटातून, हे उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. पाकिटं निघण्याच्या कितीतरी आधीपासून किण्व फळांच्या सालीवर, फुलांतल्या मधुरसात आणि झाडांच्या खोडावर राहत आलं आहे. हे मुलांना समजावून सांगायला त्यांच्या आवडीचं एक उदाहरण आहे, ते म्हणजे चॉकलेट.

कोकोचं फळ

कोकोचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या वर्षावनातलं. इक्वेडोरमध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी माणसं कोको वापरत असल्याचे पुरावे मिळाले आहेत. याची फळं फणसासारखी थेट खोडाला लागतात. जाड साल फोडली की आत साधारण ३० ते ४० बिया आणि त्यांच्याभोवती पांढरा, आंबटगोड गर असतो. जंगलातली माकडं हा गर चोखून खातात आणि बिया टाकून देतात, कारण बी खूप कडू असते. अशी कच्ची बी वाळवून, भाजून दळली तरी तिचं चॉकलेट होत नाही. तिला चॉकलेटची चव येते ती आधी आंबवल्यामुळे.

किण्व कुठून येतं?

न फोडलेल्या फळाच्या आतल्या गरात सूक्ष्मजीव जवळजवळ नसतातच. फळ फोडलं की मात्र सालीवरचं किण्व आत शिरतं. शेतकऱ्याचे हात, कोयता, टोपल्या आणि केळीची पानं यांच्यावरूनही ते येतं. शिवाय फळांवर घोंगावणाऱ्या बारीक माश्या ते आणतात. किण्वाला ना पाय ना पंख, मग ते एका फळावरून दुसऱ्या फळावर जाणार कसं? ते फळासारखा सुगंध सोडतं आणि त्या वासाने माश्या येतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. सुगंधाचं जनुक काढून टाकलेल्या किण्वाकडे माश्या कमी आल्या आणि त्याचा प्रसारही कमी झाला.

ढिगात पाच-सहा दिवस काय घडतं?

शेतकरी गरासकट बियांचा ढीग घालतात आणि वर केळीची पानं झाकतात. काही ठिकाणी लाकडी पेट्या वापरतात. बहुतेक शेतांवर यीस्ट विकत आणून घालत नाहीत. पुढचं काम टप्प्याटप्प्याने होतं.

१. पहिले एक-दोन दिवस किण्वाचे असतात. गर चिकट असल्याने ढिगात हवा कमी असते. किण्व गरातल्या साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. गराचा चिकटपणाही तोडतं, त्यामुळे गर पातळ होऊन पाझरून जातो. सुरुवातीला लिंबाच्या आकाराचं हॅन्सेनियास्पोरा जोरात वाढतं. अल्कोहोल वाढलं की ते मागे पडतं आणि पावाच्या यीस्टचं भावंड म्हणता येईल असं सॅकरोमायसिस पुढे येतं.

२. याच सुमारास दह्यातल्या जिवाणूंच्या जातीचे, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणूही वाढतात.

३. गर निघून गेल्यावर आणि शेतकऱ्याने ढीग वरखाली केल्यावर आत हवा शिरते. मग अल्कोहोलचं व्हिनेगर करणारे जिवाणू कामाला लागतात. त्यातून इतकी उष्णता निघते की ढीग ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो.

४. उष्णता आणि आम्लामुळे बीमधला अंकुर मरतो आणि तिच्या पेशींच्या भिंती फुटतात. बीमधलीच विकरं प्रथिनांचे आणि साखरेचे लहान तुकडे करतात. पुढे बी भाजताना या तुकड्यांपासून चॉकलेटचा वास आणि चव तयार होते.

किण्व नसेल तर काय होईल? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच करून पाहिलं. त्यांनी बुरशीनाशक औषध घालून फक्त किण्वाची वाढ थांबवली, बाकी जिवाणू तसेच ठेवले. त्या बियांना चॉकलेटची खरी चव आली नाही.

जागा बदलली की किण्वही वेगळं

आज जगातला निम्म्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. सिअॅटलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या कोकोच्या बियांवरचं किण्व तपासलं. वाइनचं किण्व जगभर जवळजवळ एकाच कुळातलं असतं, पण कोकोचं मात्र प्रदेशागणिक वेगळं निघालं.

शेतकऱ्यासाठी हे पाच-सहा दिवस फार मोलाचे असतात. आंबवणं अर्धवट राहिलं तर बी जांभळट आणि तुरट राहते. जास्त दिवस झाले तर ती कुजते, बुरशी धरते. दोन्ही वेळेला भाव पडतो, म्हणजे वर्षभराची मेहनत पणाला लागते.

वर्गात काय करता येईल?

आपल्याकडे काजूची बोंडं एक-दोन दिवस पडून राहिली की आंबूस वास येतो. तोही अशाच किण्वाचा उद्योग. पाहण्यासाठी दोन प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. एकीत न धुतलेली, ठेचलेली द्राक्षं आणि साखरपाणी घाला. दुसरीत तेच मिश्रण उकळून, गार करून घाला. दोन्हींच्या तोंडाला फुगे लावा आणि तीन-चार दिवस निरीक्षण करा. कुठला फुगा आधी फुगतो, आणि का, हे मुलांनाच सांगू द्या. बाटलीला झाकण लावू नका आणि आतलं पाणी कोणालाही चाखू देऊ नका.

मग पुन्हा त्या दोन रकान्यांकडे या. व्हिनेगर करणारे जिवाणू वाइन बिघडवतात, पण कोकोच्या ढिगात त्यांच्याशिवाय चालत नाही. आता त्यांचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं? मुलांना विचारा, भांडू द्या. कोणी म्हणेल, "बाई, दोन्हीकडे लिहा." ते उत्तर जरूर फळ्यावर लिहा.