न दिसणारी इजा

वाईहून पाचगणीस जाताना पसरणीचा घाट लागतो. त्या घाटात एस. टी. चालविणाऱ्या चालकाकडे कधी निरखून पाहा. वळण आले की तो भोंगा वाजवितो, गती आवरतो, वरून येणाऱ्या मालमोटारीस वाट देतो आणि दरीच्या बाजूचे अंतरही नजरेत ठेवतो. ही सारी हातापायांची कामे, असे आपणांस वाटते. वस्तुतः ती मेंदूची कामे होत. हातपाय केवळ हुकूम पाळतात.

मेंदूचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम. कवटीच्या कठीण पेटीत, द्रवाच्या वेष्टनात तो वसलेला असतो. डोके आपटले म्हणजे कवटी थांबते. परंतु आतला मेंदू हेलकावतो, कवटीवर आदळतो, आणि त्यातील सूक्ष्म तंतू ताणले किंवा तुटले जातात. म्हणून कवटी अभंग असूनही मेंदू दुखावू शकतो. कपाळामागील भागास इजा झाल्यास संयम व निर्णयशक्ती यांवर परिणाम होतो. उजव्या बाजूस इजा झाल्यास काही रुग्णांचे डावीकडील वस्तूंकडे लक्षच जात नाही. रस्त्याच्या डाव्या कडेने चालणारा पादचारी त्यांच्या लेखी नसतोच! पुष्कळांचा विचारांचा वेग मंदावतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. गळिताच्या हंगामात, रात्रीच्या वेळी, पुढे उसाची ट्रॉली असताना पाय ब्रेकवर पडण्यास एक सेकंद उशीर झाला तर काय होईल, याची कल्पना करावी.

सांगलीस माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. शिरस्त्राण न घालता मोटारसायकलवर निघाले आणि घसरून पडले. महिन्याभरात हिंडूफिरू लागले, पूर्वीसारखे गप्पाही मारू लागले. पण मोटार चालविताना तांबडा दिवा लागलेला असता सरळ पुढे गेले. मुलाने टोकले, तेव्हा रागावून म्हणाले, "मला काय धाड भरली आहे?" त्यांचे खोटे नव्हते. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आणि तारा शाबूत असूनही जवारी बिघडली की नाद उतरतो. पण तंबोऱ्याला ते कसे कळावे? जो मेंदू उणीव ओळखतो, तोच दुखावलेला असतो. या आजारातील खरी अडचण हीच आहे.

अखेर मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर आकडे आणि अक्षरे विखुरलेली होती. एक, अ, दोन, आ अशी एकाआड एक रेघेने जोडावयाची होती. तिसऱ्या आकड्याशी त्यांचा हात थबकला. आपले त्यांना आपणच नवल वाटले!

सुधारणा होतच नाही, असे मात्र नव्हे. १८४८ साली अमेरिकेत फिनिआस गेज नावाच्या रेल्वेमार्गावरील मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण त्याचा स्वभाव पालटला. तोच गेज १८५२ साली चिली देशात गेला आणि तेथे काही वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकीत होता.

आमच्या गृहस्थांनी गाडीची किल्ली मुलाकडे दिली आहे. ते ठरल्या वेळी मिरजेस तपासणीस जातात. मागच्या खेपेस रेघ शेवटपर्यंत नेली, असे परवाच मोठ्या आनंदाने सांगत होते. किल्ली मात्र अद्याप मुलाकडेच आहे.