आकाशाचा पंचनामा

फ्रान्सच्या एखाद्या खेड्यात कुणाला रात्री आकाशात काही विपरीत दिसलं, तर तो माणूस जवळच्या झांदार्मरीच्या ठाण्यावर जाऊ शकतो. झांदार्मरी म्हणजे लष्करी शिस्तीचं, पण मुख्यतः ग्रामीण भागात पोलिसाचं काम करणारं दल. तिथला शिपाई त्याला हसत नाही, निदान तोंडावर तरी नाही. तो कागद पुढे ओढतो आणि सायकल चोरीला गेल्याचा लिहावा तसा जबाब लिहून घेतो. कुठे उभे होतात? तोंड कुठल्या दिशेला होतं? घड्याळ पाहिलंत की वेळ अंदाजाने सांगताय? आवाज आला का? बरोबर आणखी कोण होतं? खाली सही होते आणि जबाबाची एक प्रत दक्षिणेकडच्या तुलूज शहराची वाट धरते.

तुलूजमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय अवकाश संस्थेचं, म्हणजे क्नेसचं मोठं केंद्र आहे. आरियान रॉकेटमागची आणि इस्रोबरोबर मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह तयार करणारी हीच संस्था. तिच्या आवारात एक अगदी छोटी कचेरी आहे, झेइपान नावाची. पगारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि देशभर विखुरलेले काही प्रशिक्षित स्वयंसेवक तपासनीस. अनोळखी हवाई घटनांचे जबाब गोळा करायचे, त्यांचा छडा लावायचा आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवायचे, एवढंच हिचं काम. अमेरिकेच्या हवाई दलाने आपलं असं खातं 1969 साली बंद केलं. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने 2009 साली आपल्या टेबलाला कुलूप लावलं. तुलूजची कचेरी मात्र 1977 पासून, दोनदा नाव बदलून आणि मधे थोडा खंड पडून का होईना, चालूच आहे.

फ्रान्सला या विषयाचं वेड मात्र त्याआधीपासूनचं. 1954 च्या शरद ऋतूत देशभरातून उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्यांचा पूर आला होता. त्या धामधुमीत शातोनफ-द्यू-पाप या द्राक्षमळ्यांच्या प्रसिद्ध गावाच्या महापौराने रीतसर फर्मान काढलं: गावाच्या हद्दीवरून तबकड्यांनी उडू नये, उतरू नये, आणि उतरलीच तर ती जप्त करण्यात येईल. वाइनची जाहिरात म्हणून याहून स्वस्त युक्ती सापडली नसती. पण याच गमतीच्या मागे एक गंभीर अडचणही होती. जबाब तर येत होते, पण ते वाचायचे कुणी? 1974 च्या फेब्रुवारीत संरक्षणमंत्री रोबेर गाले यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत सांगून टाकलं, की या घटनांमध्ये काही न उलगडलेल्या आहेत आणि त्यांच्याकडे मोकळ्या मनाने पाहायला हवं. झांदार्मरीकडे साठलेल्या कागदांना कुणीतरी वाली हवा होता. अखेर 1 मे 1977 रोजी क्नेसचे महासंचालक ईव्ह सियार यांनी झेपान या पहिल्या नावाने हा अभ्यासगट उभा केला. रॉकेटचे अभियंता क्लोद पोएर त्याचे पहिले प्रमुख झाले.

हे काम अवकाश संस्थेकडे आलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत ते हवाई दलाकडे होतं. हवाई दलाला मुळात एकच प्रश्न पडलेला असतो: यातून देशाला धोका आहे का? नसेल, तर फाइल बंद. शिवाय सैन्याने ‘काही नाही’ म्हटलं, की लोकांना हमखास वाटतं, काहीतरी आहे. 1966 साली मिशिगनमध्ये दिसलेल्या दिव्यांबद्दल हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी ‘दलदलीतला वायू असू शकेल’ असं म्हटलं, आणि देशभर त्यांची टर उडाली. हवाई दलाचं हे खातं, म्हणजे ‘प्रोजेक्ट ब्ल्यू बुक’, गुंडाळलं गेलं तेव्हा त्यात 12,618 नोंदी होत्या आणि त्यांतल्या 701 उलगडलेल्या नव्हत्या. त्या 701 वर आजही कादंबऱ्या आणि मालिका पोसल्या जातात. फ्रेंचांनी हा विषय नागरी शास्त्रज्ञांच्या हाती दिला आणि पुरावा गोळा करायला गावागावातला शिपाई वापरला.

आणि खरं कसब इथेच आहे. या कचेरीला आकाश तपासायला मिळतच नाही. ती घटना घडून गेलेली असते. हातात उरतो तो माणसाचा शब्द. माणूस खोटं बोलत नाही, पण त्याने पाहिलेलं आणि त्याला वाटलेलं यांची गाठ घट्ट बसलेली असते. ती सोडवणं हाच इथला धंदा. ‘ते बसएवढं मोठं होतं, दोनशे मीटरवर होतं’ असं कुणी म्हटलं, की तपासनीस ही दोन्ही वाक्यं बाजूला ठेवतो. काळोख्या आकाशात एकट्या दिव्याचं अंतर डोळ्याला कळत नाही, आणि अंतर कळल्याशिवाय आकार कळत नाही. म्हणून तो विचारतो, हात लांब केला असता तर ती वस्तू तुमच्या कुठल्या बोटाने झाकली गेली असती? पौर्णिमेच्या चंद्रावर हात ताणून करंगळीचं नख धरून पाहा. चंद्र आख्खा झाकला जातो, वर जागा उरते. हे पहिल्यांदा करून पाहणारा प्रत्येक जण चकित होतो, कारण मनातला चंद्र ताटाएवढा असतो. जबाबातला ‘प्रचंड गोळा’ कधी कधी असाच करंगळीच्या नखात मावतो. मग पंचांग काढावं तसा त्या रात्रीचा आकाशाचा नकाशा काढला जातो आणि दिसतं, की त्याच दिशेला, तेवढ्याच उंचीवर चंद्र मावळत होता आणि साक्षीदाराने मात्र जबाबात चंद्राचा उल्लेखच केलेला नाही. समोर चंद्र असूनही तो दिसल्याचं सांगितलं नाही, याचा अर्थ त्याने पाहिलं ते काय, हे तपासनीस लगेच ओळखतो.

1980 च्या सुमाराला या मंडळींनी साक्षीदारांसाठी एक यंत्रही बनवलं होतं, सिमोव्नी नावाचं. साक्षीदाराला घटनेच्या जागी नेऊन उभं करायचं. तो नळीतून समोरचा खराखुरा देखावा पाही आणि त्यावर एक कृत्रिम दिवा उमटे. त्याचा रंग, आकार, तेज कमीजास्त करत ‘हं, असंच होतं’ म्हणेपर्यंत जुळवायचं. शब्दांवर भरवसा ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. ‘लखलखीत’ या शब्दाने शेतकरी काय सांगतो आणि वैमानिक काय सांगतो, हे कागदावरून कसं कळणार?

त्या काळातलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण ट्राँस-आँ-प्रोव्हाँस या गावचं. 8 जानेवारी 1981, संध्याकाळचे पाच. एक गृहस्थ घराशेजारच्या उतारावरच्या जमिनीत पाण्याच्या पंपासाठी सिमेंटचा आडोसा बांधत होते. हलकीशी शीळ ऐकू आली म्हणून मान वळवली, तर दोन थाळ्या काठाला काठ लावून उपड्या जोडाव्यात तशी शिसवट रंगाची वस्तू खाली येताना दिसली. काही क्षण ती जमिनीवर टेकली आणि उडून गेली. दुसऱ्या दिवशी झांदार्म आले, जमिनीवरच्या वर्तुळाकार खुणेची मोजमापं घेतली, मातीचे आणि रानटी लसूणघासाचे नमुने घेतले. झेपानचे लोक पोचायला चाळीसेक दिवस लागले. अव्हिन्योँच्या कृषी संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेला आढळलं, की खुणेजवळच्या पानांतलं हरितद्रव्य 30 ते 50 टक्क्यांनी घटलं होतं आणि खुणेपासून दूर जावं तसा हा परिणाम कमी होत गेला होता. 1983 साली झेपानने ‘तांत्रिक टिपण क्रमांक 16’ प्रसिद्ध केलं. एवढ्या बारकाईने तपासलेलं जमिनीवरच्या खुणांचं प्रकरण जगात दुसरं क्वचितच सापडेल.

तरीही ते टिपण वाचताना माझ्या मनात खुटखुट राहते. टीकाकारांनी दाखवून दिलं, की ती खूण गाड्या जातात त्या वाटेवर होती आणि टायरच्या घसपटीसारखी दिसते. पहिले नमुने शिपायांनी घेतलेले, ते तज्ज्ञांच्या शिस्तीने घेतलेले नव्हते. हरितद्रव्य घटायला इतरही कारणं असू शकतात. आणि मुख्य म्हणजे साक्षीदार एकच. मला हे प्रकरण आवडतं ते तबकडीसाठी नाही. एका सामान्य माणसाच्या शब्दाखातर सरकारने त्याच्या बांधावरचं गवत प्रयोगशाळेत नेलं, आणि तेवढं करूनही ‘आम्हाला समजलं’ असं म्हटलं नाही, यासाठी आवडतं.

पुढे कचेरीचे दिवस फिरले. 1988 साली झेपान गेलं आणि त्याच्या जागी सेप्रा नावाचा आणखी लहान विभाग आला. झाँ-झाक व्हेलास्को त्याचे प्रमुख. वातावरणात परत शिरणाऱ्या उपग्रहांच्या आणि रॉकेटच्या अवशेषांचा अभ्यास हे त्याचं मुख्य काम ठरलं. ही पदावनतीच होती. पण दोनच वर्षांत तिचा उपयोग झाला. 5 नोव्हेंबर 1990 च्या संध्याकाळी सातच्या सुमाराला फ्रान्सच्या नैर्ऋत्येपासून ईशान्येपर्यंत दिव्यांची एक रांग आकाश कापत गेली. असंख्य लोकांनी ती पाहिली. अनेकांनी शपथेवर सांगितलं, की दिव्यांच्या मधे काळं, घन, त्रिकोणी यान होतं आणि ते घरांच्या छपरांवरून निमूट सरकलं. प्रत्यक्षात तो सोव्हिएत प्रोटॉन रॉकेटचा तिसरा टप्पा होता, दळणवळणाचा एक उपग्रह सोडून परतीच्या वाटेवर जळत असलेला, आणि तोही कित्येक किलोमीटर उंचीवर. सुट्या दिव्यांच्या मधली मोकळी जागा डोळ्याने आपल्या मनाने भरून काढली होती. साक्षीदारांच्या सचोटीबद्दल शंका नव्हती. शंका घ्यायची ती दिव्यांना जोडणाऱ्या त्या काळ्या पट्ट्याबद्दल.

महाराष्ट्राला हा देखावा अनोळखी नाही. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून अशीच जळती माळ गेली. मोबाइलवर चित्रीकरणं फिरली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चीनच्या लाँग मार्च रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष, असं पुढे अभ्यासकांनी जुळवलं आणि इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. कडं हाती आलं म्हणून वादाला तोंड फुटलं नाही. ते जंगलात पडून राहिलं असतं तर लाडबोरीच्या माणसाने आपला जबाब कुठे नोंदवला असता, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

सेप्रा 2004 साली बंद झालं. त्याच वर्षी व्हेलास्कोंनी पुस्तक लिहून परग्रहावरच्या यानांच्या बाजूने कौल दिला होता. तपास करणाऱ्याने असा कौल दिला की त्याच्या जुन्या फायलींकडेही लोक वेगळ्या नजरेने पाहायला लागतात, त्या कितीही प्रामाणिक असोत. 2005 साली कचेरी झेइपान या नावाने पुन्हा उभी राहिली. तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले ईव्ह सियार, 1977 साली ज्यांनी हे रोप लावलं तेच. झांदार्मरी, हवाई दल, नागरी विमान वाहतूक खातं, हवामान खातं या सगळ्यांचे प्रतिनिधी त्या समितीत बसतात. 22 मार्च 2007 रोजी झेइपानने आपलं दप्तर इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडं केलं, साक्षीदारांची नावं तेवढी झाकून. पहिल्याच दिवशी इतकी गर्दी उसळली, की यंत्रणा कोलमडली.

प्रत्येक प्रकरणाला इथे अक्षर मिळतं. ए म्हणजे उलगडलं, बी म्हणजे बहुधा उलगडलं, सी म्हणजे माहितीच अपुरी, आणि डी म्हणजे माहिती भरपूर, तरी उलगडा नाही. सी आणि डी वेगळे ठेवण्यात मला या कचेरीचं सगळं शहाणपण दिसतं. ‘कळलं नाही’ याचे दोन अर्थ होतात आणि तबकडीवाले नेमका त्यांचाच घोळ घालतात. धूसर फोटो आणि अर्धवट जबाब यांना गूढाचा मान मिळता कामा नये. ते नुसतेच अपुरे आहेत. सगळ्या नोंदींपैकी सुमारे एक तृतीयांश अशा सी मध्येच जातात.

दप्तर उघडं झालं तेव्हा डी चा वाटा पाव भागाहून अधिक होता. त्यानंतर तपासनिसांनी 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या जुन्या फायली पुन्हा काढल्या. तेव्हा हाताशी नसलेली ग्रहांची गणितं, उपग्रहांच्या कक्षा आणि फोटो तपासण्याची साधनं आता होती. पूर्वी कधी न पाहिलेल्या चुकाही आता ओळखीच्या झाल्या होत्या. एकेका जबाबातून चंद्र निघाला, शुक्र निघाला, विमानाचे उतरतानाचे दिवे निघाले. डी चा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आला. आकाश तेच होतं, जबाबही तेच. बदलली ती वाचणाऱ्याची नजर. उरलेले तीन टक्के कधी तरी शून्यावर येतील असं मी म्हणणार नाही, आणि त्यात परग्रहवासी दडलेत असंही नाही. न सुटलेल्या चोऱ्या भुतांनी केल्या असं कुठलं पोलीस ठाणं म्हणत नाही.

लोक काय पाहतात हेही काळाबरोबर बदलतं. 2007 नंतरच्या काही वर्षांत लग्नसमारंभात सोडले जाणारे थाई कागदी कंदील फ्रान्समध्ये लोकप्रिय झाले, आणि शनिवारी रात्री निःशब्द, केशरी गोळे रांगेने जात असल्याचे जबाब वाढले. वाऱ्याची दिशा आणि आसपासच्या गावातलं लग्न जुळलं की फाइल बंद. 2019 पासून स्टारलिंकच्या उपग्रहांच्या माळा आल्या. त्यांचा माग तर वेळापत्रकावरूनच लागतो. अशी प्रकरणं पटकन निकाली निघतात म्हणूनच अवघड प्रकरणांना वेळ मिळतो. तेव्हा तपासनीस साक्षीदाराला घेऊन त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा उभा राहतो, होकायंत्राने दिशा घेतो, झाडांची आणि खांबांची उंची मोजतो. त्याचा अहवाल तज्ज्ञांच्या मंडळापुढे जातो आणि डी हे अक्षर द्यायचं की नाही, ते तिथे ठरतं.