पुन्हा एकदा पँडोरा!

सेमिस्टर संपत आलं की आपण सगळे अचानक पहिल्या युनिटच्या नोट्स शोधायला लागतो. कारण पहिलं युनिट डोक्यात नसेल, तर पाचवं कळत नाही. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्याही हेच करतात. गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग यायचा असला, की आधी पहिला भाग पुन्हा थिएटरात लावतात. ही युक्ती जुनीच. 'स्टार वॉर्स' १९७७ मध्ये आला, १९७९ मध्ये परत लागला आणि १९८० मध्ये त्याचा पुढचा भाग आला. पण तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हते. आता तर सगळं मोबाईलवर मिळतं. मग गोष्ट माहीत असताना परत पैसे कशाला घालवायचे? 'अवतार'चं उदाहरण घेऊन बघू.

जेम्स कॅमेरॉनचा 'अवतार' डिसेंबर २००९ मध्ये आला. पँडोरा नावाचा चंद्र, तिथले निळे नावी लोक आणि खनिजासाठी तिथे पोचलेली माणसं, एवढीच गोष्ट. पण थ्रीडीमुळे जगभर गर्दी झाली आणि २ अब्ज डॉलर्सच्या वर कमाई करणारा तो पहिला सिनेमा ठरला. दुसरा भाग 'द वे ऑफ वॉटर' यायला मात्र १६ डिसेंबर २०२२ उजाडला. म्हणजे तब्बल १३ वर्षं! २००९ साली आपण बालवाडीत, नाहीतर त्याहूनही लहान. थोडक्यात काय, तर कॉलेजच्या ज्या पोरांनी दुसऱ्या भागाला गर्दी करायची, त्यांनी पहिला भाग थिएटरात पाहिलेलाच नव्हता.

म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये 'अवतार' डिस्नी प्लसवरून काढून घेतला गेला आणि सप्टेंबरमध्ये थिएटरात आला. आपल्याकडे तारीख होती २३ सप्टेंबर. योगायोग म्हणजे त्याच दिवशी राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त अनेक मल्टिप्लेक्समध्ये ७५ रुपयांना तिकीट होतं! मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजला होते. टीव्हीवर जाहिरातींसकट पाहिलेला सिनेमा, त्यामुळे फार अपेक्षा न ठेवता त्या आठवड्यात गेले.

इथे जुनीच प्रत धुऊन-पुसून लावली नव्हती. पहिली गोष्ट, रिझोल्यूशन. टूके चित्रात साधारण २२ लाख पिक्सेल असतात, फोरकेमध्ये ८८ लाख, म्हणजे चौपट. मूळ शूटिंग एचडी कॅमेऱ्यांवरचं, त्यामुळे हे जादा पिक्सेल सॉफ्टवेअरने अंदाज बांधून भरावे लागतात. दुसरी गोष्ट, एचडीआर. थ्रीडीचा चष्मा घातला की प्रत्येक डोळ्याला निम्म्याहूनही कमी उजेड मिळतो. पँडोराचं जंगल रात्री चमकतं, आणि तेच जर मिणमिणतं दिसलं तर मजा काय? एचडीआरमध्ये काळा जास्त काळा आणि उजेड जास्त उजळ दाखवता येतो, अर्थात प्रोजेक्टर तसा असेल तर.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. साधा सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो. समजा पडदा १२ मीटर रुंद आहे आणि एखादा पक्षी २ सेकंदांत तो पार करतो. म्हणजे ४८ फ्रेम्स, आणि प्रत्येक फ्रेमला २५ सेंटिमीटरची उडी! सपाट चित्रात हे खपून जातं, पण थ्रीडीत दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळवताना मेंदूची दमछाक होते. सेकंदाला ४८ फ्रेम्स केल्या की उडी साडेबारा सेंटिमीटरवर येते. मग सगळाच सिनेमा ४८ वर का नाही? कारण त्याने साध्या संवादाचे प्रसंग टीव्ही सिरियलसारखे दिसतात. २०१२ च्या 'द हॉबिट'बद्दल हीच तक्रार झाली होती. म्हणून 'अवतार'मध्ये काही प्रसंगांनाच ४८ दिले. प्रोजेक्टर ४८ वरच चालतो, बाकीच्या प्रसंगांत प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतात. किती साधी आयडिया!

दुसऱ्या भागातही हेच तंत्र होतं. म्हणून मला हे पुनःप्रदर्शन म्हणजे रंगीत तालीम वाटतं. प्रोजेक्टरची तालीम, आणि आपल्या डोळ्यांचीसुद्धा. शेवटी दुसऱ्या भागाची झलकही दाखवली होती.

आता निकाल. या फेरीत 'अवतार'ने जगभरात सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर्स मिळवले. पुढच्या भागाने मिळवले सुमारे २.३ अब्ज. त्यापुढे पहिला आकडा किरकोळच. उजळणीमुळेच पेपर चांगला गेला, असं यावरून सिद्ध होत नाही हे मान्य. पण तेरा वर्षांनी 'अवतार' कुणाला आठवतो, असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं.

आणि मला? पँडोराच्या हवेत तरंगणाऱ्या डोंगरांच्या प्रसंगात मी चक्क खुर्चीचा हात घट्ट धरला. तेव्हा कळलं, की टीव्हीवर मी 'अवतार'ची गोष्ट पाहिली होती, 'अवतार' पाहिलाच नव्हता. गोष्ट फाईलमध्ये मावते, ती खोली मावत नाही.

वाईट एवढंच वाटतं, की ही संधी प्रेक्षकांच्या इच्छेने मिळत नाही. कंपनीला पुढचं तिकीट विकायचं असतं तेव्हाच कपाट उघडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'द वे ऑफ वॉटर' असाच आठवडाभर लागला, कारण १९ डिसेंबरला तिसरा भाग 'फायर अँड अॅश' येणार होता. स्वार्थ त्यांचा, हे खरंच. पण कपाट उघडलेलं असतं तेवढे दिवस तरी, मंडळी, लॅपटॉप बंद करून थिएटरात जा. नंतर परत किती वर्षं थांबावं लागेल, हे आपल्या हातात नाही!