‘एकच प्याला’तील सिंधू

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे पाच अंकी नाटक मद्यपानाच्या दुष्परिणामांवर लिहिलेले आहे, असे सामान्यतः सांगितले जाते; आणि ते खोटे नाही. सुधाकर नावाच्या एका बुद्धिमान वकिलाचा दारूने केलेला सर्वनाश हेच त्याचे कथानक होय. परंतु नाटक पाहून घरी परतणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात जी मूर्ती रेंगाळत राहते, ती सुधाकराच्या पत्नीची, सिंधूची असते. तिने प्याल्याला कधी स्पर्शही केलेला नाही; त्याचे फळ मात्र तिलाच सर्वांत अधिक भोगावे लागते.

नायिकेवर कितीही संकटे कोसळली, तरी अखेरीस तिचे दुःख फिटावे, असा संस्कृत नाटकांचा प्रघात होता. शकुंतलेला दुष्यंत पुन्हा भेटतो. मराठी रंगभूमीनेही पुष्कळदा हाच मार्ग पत्करला. देवलांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’त वृद्ध वराच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी शेवटी त्या संकटातून सुटते. शोकान्त नाटके त्यापूर्वी झाली नव्हती, असे नाही. वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ सालचे. पण त्यातील शोक पेशव्यांच्या वाड्यातला होता. देवलांच्याच ‘झुंजारराव’ या नाटकात तो शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून आला होता. गडकऱ्यांनी हा शोक पांढरपेशा मराठी कुटुंबाच्या माजघरात आणून बसविला. येथे राजा नाही, शाप नाही, दैवी कोपही नाही. एक मानी पुरुष आहे आणि त्याच्यासमोर भरलेला एक प्याला आहे.

सुधाकराचा मानी स्वभाव हेच त्याच्या ऱ्हासाचे मूळ. न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो आणि त्याची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते. हा अपमान त्याला सहन होत नाही. अशा वेळी तळीराम नावाचा मद्यपी कारकून त्याच्यापुढे पहिला प्याला करतो. तळीरामाच्या ‘आर्य मदिरा मंडळा’चे प्रवेश पाहताना प्रेक्षक पोट धरून हसतात. त्या हशाच्या पाठोपाठच सिंधूच्या घरातील भांडीकुंडी नाहीशी होऊ लागतात.

सिंधूचे माहेर संपन्न आहे. तिचा भाऊ पद्माकर तिला घेऊन जाण्यास सिद्ध आहे. पतीचा मित्र रामलाल तिला पाठच्या बहिणीप्रमाणे मानतो. म्हणजे, सुटकेचे दार तिच्यासमोर उघडेच आहे. सिंधूच्या चित्रणातील मर्म आहे ते येथेच. निराधार स्त्रीची दैना पाहून कोणालाही कळवळा येतो. परंतु आधार उपलब्ध असताना जी तो नाकारते, तिच्याविषयी कळवळ्याबरोबर मनात एक अस्वस्थ प्रश्नही उभा राहतो. माहेरच्या पैशाला हात लावावयाचा नाही, हा पतीचा हट्ट ती शपथपूर्वक स्वीकारते. शपथ घालणारा पुढे स्वतःच्या सगळ्या प्रतिज्ञा मोडतो. शपथ घेणारी मात्र आपली एकच प्रतिज्ञा शेवटपर्यंत पाळते. त्या एका शब्दापायी श्रीमंतांची लेक लोकांची दळणे दळून संसार चालवू लागते.

जात्यापाशी बसलेली सिंधू ही या नाटकाची सर्वांत प्रभावी प्रतिमा होय. गडकऱ्यांची भाषा एरवी अलंकारांनी ओथंबलेली असते. सुधाकर बोलू लागला, की उपमा-उत्प्रेक्षांचा धबधबा कोसळतो. तळीरामाच्या तोंडी कोट्यांची आतषबाजी असते. सिंधूचे बोलणे त्या मानाने साधे, घरगुती आहे. बाळाशी, शेजारच्या बाईशी कोणतीही गृहिणी जशी बोलेल, तशी ती बोलते. नाटककाराने स्वतःची सर्वांत लाडकी शक्ती या पात्रापुरती आवरून धरली, आणि म्हणूनच सिंधूचे शब्द इतक्या खोलवर पोहोचतात.

तिच्या शेजारी गडकऱ्यांनी तळीरामाची पत्नी गीता उभी केली आहे. तिचाही नवरा दारुडा. पण ती फटकळ आहे, त्याला तोंडावर सुनावते. सिंधूने असे का करू नये, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही, आणि तो रास्त आहे. पुष्कळ टीकाकारांनीही तिच्या निमूट सोसण्याला दोष दिला आहे. मात्र नाटक रंगभूमीवर आले त्या १९१९ सालची परिस्थिती येथे विसरून चालत नाही. पांढरपेशा हिंदू घरातील विवाहितेला पतीपासून घटस्फोट घेण्याचा मार्ग तेव्हा कायद्याने मोकळा नव्हता. हिंदू विवाह कायदा झाला तो १९५५ साली. माहेरी गेलेली सिंधूही समाजाच्या दृष्टीने दारुड्याने टाकलेली बायकोच ठरली असती. तथापि, एवढ्यानेही तिच्या वर्तनाचा पूर्ण उलगडा होत नाही. सुधाकर मुळात दुष्ट नाही, हे तिला ठाऊक आहे. तो मधूनमधून शुद्धीवर येतो, प्याला सोडण्याचा निश्चय करतो, नोकरीसाठी दारोदार हिंडतो, आणि प्रत्येक दारी अपमान पदरी घेऊन परततो. त्याच्या प्रत्येक निश्चयाबरोबर सिंधूची आशा नव्याने अंकुरते. ही आशाच तिला त्या घरात बांधून ठेवते, आणि तिनेच तिचा घात होतो.

शेवटच्या अंकात नशेने बेभान झालेल्या सुधाकराच्या काठीने तान्हे बाळ प्राणास मुकते व सिंधू मरणोन्मुख होते. चौकशीसाठी पोलीस अधिकारी येतो. जन्मभर सत्याला जपणारी ही स्त्री त्या क्षणी खोटे बोलते आणि पतीवर दोष येऊ देत नाही. तिचे हे असत्य कायद्यापासून सुधाकराला वाचविते. पण स्वतःच्या मनापासून तो वाचू शकत नाही. दारूच्याच प्याल्यात विष मिसळून तो तो पिऊन टाकतो.

हे नाटक रंगभूमीवर आलेले पाहणे गडकऱ्यांच्या नशिबी नव्हते. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, नागपूरजवळील सावनेर येथे त्यांचे निधन झाले. नाटकातील पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास पहिला प्रयोग केला. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची होती. भरजरी शालू आणि दागिने ल्यालेल्या नायिका रंगविण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्यांची वेशभूषा पाहण्यासाठीच कित्येक प्रेक्षक नाटकाला येत. तेच बालगंधर्व या नाटकात ठिगळे लावलेले लुगडे नेसून, उघड्या गळ्याने, जात्यासमोर बसले.